पहिला रिमोट

साताऱ्याचं घर रिकामं करायला घेतलं तेव्हा माळ्यावरून जे काही खाली उतरलं त्यात एक गाठ मारलेली पिशवी होती. गाठीवर आईच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘टी.व्ही. गेम. चालू आहे.’ आई सगळ्यावर अशी चिठ्ठी लावते. जुन्या मिक्सरच्या भांड्यावर ‘गळते’, इस्त्रीवर नुसतं ‘शॉक’. त्यामुळे ‘चालू आहे’ यावर माझा लगेच विश्वास बसला. चिठ्ठी कोणत्या सालची, ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

पिशवीत पांढरा-लाल डबा, दोन रिमोट, एक नारिंगी पिस्तूल, काळ्या वायरींचा गुंता आणि तीन पिवळ्या कॅसेट. (हातात धरायच्या त्या वस्तूला कंट्रोलर आणि कॅसेटीला कार्ट्रिज म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्या आळीत सगळे रिमोट आणि कॅसेटच म्हणायचे, इथेही तेच म्हणते.)

हा गेम १९९६ च्या दिवाळीत बाबांनी मुंबईहून आणला. मी तेव्हा दहावं संपवून अकराव्यात होते, दादा चौदाचा. डबा टेबलावर ठेवल्या क्षणी घरातली कामाची वाटणी झाली. वायरी जोडायच्या दादाने. टीव्हीच्या खालचं छोटं झाकण उघडून आतल्या चाकाने चॅनेल शोधायचा दादाने. मी टीव्हीसमोर उभं राहून ओरडायचं, ‘आलं... आलं... गेलं!’ अँटेना फिरवतानाही माझं काम तेच असे. आमची अँटेना अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरकडे तोंड करून असायची आणि वारा सुटला की तिचं तोंड फिरायचं, त्यामुळे मला सराव भरपूर होता.

आणि पहिला रिमोट दादाचा. हे नुसतं मोठेपण नव्हतं. त्या डब्याच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणंच नव्हती. खेळ सुरू करणं, कोणता खेळ ते निवडणं, मध्येच थांबवणं, सगळं पहिल्या रिमोटच्या हाती. मला पाणी प्यायला जायचं असलं तरी दादाची परवानगी लागायची. पुढे कधीतरी वाचलं की ही करामत मुळातच आहे. आमचा डबा म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल. तो जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला बाजारात आला, मासायुकी उएमुरा यांच्या देखरेखीखाली तयार झाला, आणि त्याच्याही दुसऱ्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्ट नव्हतं. त्याच्या बदली तिथे एक छोटा माइक होता. नक्कल करणाऱ्यांनी बटणं काढण्याची नक्कल केली आणि माइक गाळला. म्हणजे माझ्या वाट्याला नुसती वजाबाकी.

तर पिशवी मी पुण्याला आणली. आई आता माझ्याकडेच असते. लेक अकरा वर्षांची आहे, तिने डबा उलटासुलटा करून विचारलं, “याला वायफाय कुठून?” तिच्या मामेभावाकडे नवा कन्सोल आला तेव्हा ती तिथे होती. खातं उघडणं, पासवर्ड, अपडेट, मग खेळ उतरवून घेणं यात संध्याकाळ गेली आणि मुलं न खेळताच जेवायला बसली. मी फुशारकीने म्हटलं, “याला काही लागत नाही. कॅसेट घाल, बटण दाब, सुरू.”

सुरू व्हायला सव्वा महिना लागला.

पहिली अडचण, अ‍ॅडॅप्टर नव्हता. आईला विचारलं तर म्हणाली, “तो रेडिओला लावला होता बाबांनी. रेडिओ गेला.” अ‍ॅडॅप्टरचं काय झालं ते त्यातच समजून घ्यायचं. डब्याच्या पोटावर स्टिकर होता, ‘डीसी ९ व्ही’ एवढं वाचता येत होतं. शेजारी एक गोल आणि त्याच्या दोन बाजूंना काहीतरी खुणा, त्या नेमक्या घासून गेलेल्या. मला वाटलं नऊ व्होल्टचा कुठलाही अ‍ॅडॅप्टर चालेल. ऑनलाइन मागवणारच होते, पण शनिवारी तसंही गावात जायचं होतं म्हणून डबा पिशवीत घालून तपकीर गल्लीत गेले.

बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत गेलं की मला नेहमी वाटतं, आपण कुठल्या तरी मोठ्या यंत्राच्या आत शिरलोय. दोन्ही बाजूंना वायरी, पिना, एलईडीच्या माळा, आणि मधून दुचाकी. चार दुकानं फिरल्यावर एका काउंटरवरच्या काकांनी डबा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी विचारलं, “ताई, आत मायनस का बाहेर मायनस?”

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावलं. अ‍ॅडॅप्टरच्या गोल पिनेला दोन भाग असतात, आतलं भोक आणि बाहेरचं कडं. आजकालच्या बहुतेक वस्तूंना आत प्लस असतं. या जुन्या गेमांपैकी पुष्कळांना उलटं, आत मायनस. चुकीचा लावला आणि आत संरक्षणाला डायोड नसला तर धूर.

मी दादाला फोन लावला. दादा नाशिकला असतो.

“आत मायनस,” तो म्हणाला.

“नक्की?”

“बहुतेक.”

काकांना मी तेच सांगितलं. ते म्हणाले, “बहुतेकवर मी करंट देत नाही,” आणि स्क्रू ड्रायव्हर काढला.

आत काय असेल याची मी लहानपणी खूप कल्पना केली होती. प्रत्यक्षात तळहाताएवढी पाटी निघाली, तिच्या मधोमध डांबराचा थेंब पडावा तसा एक काळा गोळा. काका म्हणाले, यात सगळं आलं. मूळ फॅमिकॉममध्ये हिशेब करणारी चिप वेगळी आणि चित्र काढणारी वेगळी असायची. नकला स्वस्त व्हायला लागल्या तशी ती दोन्ही कामं एकाच चिपमध्ये कोंबली गेली, आणि ती चिप थेट पाटीवर चिकटवून वरून असा गोळा ओतायचे. बिघडली तर दुरुस्ती नाही. बाकी सगळं मात्र दुरुस्त होतं, आणि ते उघड्या डोळ्यांना दिसतं.

पाटीच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेला तीन पायांचा एक भाग होता. त्याच्यावर ७८०५ असं छापलेलं. हा नऊ व्होल्ट घेऊन पाच व्होल्ट पुढे देतो, उरलेल्याची उष्णता करून पत्र्यात सोडतो. (तासाभराने डबा गरम व्हायचा आणि बाबा ‘आता बंद, तापलं ते’ म्हणायचे. ते टीव्हीच्या काळजीने म्हणत. व्हिडिओ गेमने पिक्चर ट्यूब जाते असं तेव्हा प्रत्येक वडिलांचं ठाम मत होतं.) त्या तीन पायांतला मधला पाय मायनसचा असतो, हे ठरलेलं. काकांनी मल्टिमीटर आवाजाच्या खुणेवर आणला, एक काडी त्या मधल्या पायावर धरली आणि दुसरी अ‍ॅडॅप्टरच्या भोकातल्या पिनेवर टेकवली. पीं वाजलं, म्हणजे दोन्ही आतून जोडलेले.

“आत मायनस. भाऊ बरोबर बोलला.”

मला थोडं वाईटच वाटलं.

त्यांनी नऊ व्होल्ट, एक अँपियरचा नवा अ‍ॅडॅप्टर दिला, पण त्याची वायर मध्ये कापून दोन टोकं उलटी जोडली, वर नळी चढवून लायटरने आवळली आणि लाल टेप गुंडाळली. “हा दुसऱ्या कशाला लावायचा नाही, लिहून ठेवा,” म्हणाले. घरी आल्यावर आईने आनंदाने चिठ्ठी लिहिली.

जाता जाता त्यांनी एक फुगलेला कपॅसिटरही बदलून दिला. १००० मायक्रोफॅरड, सोळा व्होल्ट. हे आकडे मला का लक्षात राहिलेत माहीत नाही. कदाचित आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या भागाचं नाव त्याच्याकडे बोट दाखवून घेऊ शकत होते म्हणून.

घरी बटण दाबलं, लाल दिवा लागला. लेकीने टाळ्या वाजवल्या. आता टीव्ही.

आमचा टीव्ही भिंतीला चिकटवलेला आहे. त्याची सगळी भोकं मागे, आणि मागे जेमतेम हात जातो. फोनचा कॅमेरा आत घालून फोटो काढले तेव्हा कळलं की अँटेनाचं भोक आहे. त्यात डब्याची काळी वायर लावली, टीव्हीला चॅनेल शोधायला सांगितलं. जुन्या गेमचं तंत्र असं की डबा स्वतःच एक बारकं टीव्ही केंद्र होतो. तो चित्र एका ठरावीक चॅनेलवर वायरीतून सोडतो आणि टीव्हीने ते केंद्र शोधायचं. आमच्या स्मार्ट टीव्हीने एक ते शंभर टक्के शोधलं आणि जाहीर केलं, शून्य चॅनेल सापडले. हाताने शोधायचा पर्याय दोन मेनू खोल होता. तिथे अर्धा तास आकडे पुढेमागे केले. लेक समोर उभी होती. एकदा ती म्हणाली, “काहीतरी हललं.” आलं-गेलं तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि शिकवायची वेळही आली नाही, कारण परत काही हललं नाही.

डब्याला सुदैवाने दुसरी वाट होती. मागे पिवळं आणि पांढरं अशी दोन भोकं, पिवळ्यातून चित्र, पांढऱ्यातून आवाज. आमच्या वेळी घरच्या टीव्हीला ती सोय नव्हती म्हणून ती कोरी करकरीत राहिलेली. पण आता नव्या टीव्हीला तसली भोकं नाहीत. त्याऐवजी हेडफोनचं असतं तसं एकच छोटं भोक, ‘एव्ही इन’ लिहिलेलं. त्यात घालायची खास वायर टीव्हीच्या खोक्यात आली होती असं पुस्तिकेत लिहिलंय. खोकं आम्ही सोसायटीच्या गणपतीच्या सजावटीला दिलं होतं.

पुन्हा बाजार. एका दुकानदाराने विचारलं, “एव्ही टू एचडीएमआय पाहिजे का एचडीएमआय टू एव्ही?” दोन्ही डब्या दिसायला सारख्याच असतात. जुन्या वस्तूचं चित्र नव्या टीव्हीवर आणायला पहिली लागते, दुसरी घेतली की पैसे पाण्यात. टीव्हीला ते छोटं भोक असल्यामुळे मला डबी नकोच होती. वायर घेतली, एकीकडे हेडफोनसारखी पिन, दुसरीकडे पिवळं-पांढरं-लाल. घरी लावली. टीव्हीवर काळोख आणि स्पीकरमधून असा घर्रर्र आवाज की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

इथे मी दादाला फोन केला नाही. विचार केला. चित्राच्या ठिकाणी काही नाही आणि आवाजाच्या ठिकाणी गोंगाट, म्हणजे चित्र आवाजाच्या वाटेने जात असलं पाहिजे. त्या छोट्या पिनेवर तीन काळ्या कड्या आणि चार पट्टे असतात, आणि कोणत्या पट्ट्यावर चित्र हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवलेलं आहे. रंग नुसते दाखवायचे. मी पिवळी जोडणी काढून लालमध्ये लावली.

आणि चित्र आलं. समुद्र, नारळाचं झाड, उडणारे पक्षी आणि वर ‘९९९९९९ इन १’. ब्लॅक अँड व्हाइट, पण आलं.

मी एकटीने आणलेलं पहिलं चित्र. खोलीत कुणी नव्हतं तेव्हा, लेक क्लासला गेली होती. मी आपलं मोठ्याने म्हणून घेतलं, “आलं.”

रंग यायला सेटिंगमध्ये ‘कलर सिस्टीम’ शोधावी लागली. टीव्हीने आपलं आपण ओळखायचं असतं ते त्याला जमत नव्हतं, ‘पाल’ असं ठोकून सांगितल्यावर समुद्र निळा झाला. भारतात टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला पन्नास वेळा चित्र. जपान आणि अमेरिकेत साठ. खेळ तर मुळात साठच्या हिशेबाने लिहिलेले. आमच्यासारख्या पन्नासवर चालणाऱ्या डब्यात तो हिशेब सरळ मंदावतो, मारिओ एक षष्ठांशाने सावकाश पळतो आणि त्याचं संगीतही तितकंच रेंगाळतं. इंटरनेटवर मूळ चालीत ते संगीत ऐकलं की मला अजून घाईत वाजवल्यासारखं वाटतं. आमचा मारिओ साताऱ्याचा होता, त्याला गडबड नव्हती.

नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव खेळांबद्दल लेकीने हक्काने विचारलं. तिला यादी पुढे पुढे नेऊ दिली. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “आई, हे सगळे तेच तेच आहेत.” हो. मोजून काही खेळ, आणि पुढे तेच वेगळ्या नावाने, दुसऱ्या पातळीपासून सुरू होणारे. तिला तीन मिनिटांत कळलं ते आम्हाला कळायला दोन उन्हाळे गेले. दादाने वहीत शंभरपर्यंत नोंदी केल्या होत्या.

दुसरी कॅसेट घातली तर पडद्यावर नुसते ठोकळे आणि अर्धवट अक्षरं. दादाला हे फोनवर सांगितलं तर त्याने काय सांगावं, “फुंकर मार.” भारतातल्या, किंबहुना जगातल्या प्रत्येक पोराने हेच केलंय आणि फुंकरीचा काही उपयोग नसतो. कॅसेट काढून परत घालताना पिना घासून पुन्हा नीट टेकतात, श्रेय फुंकर घेते. उलट तोंडातली वाफ तांब्याच्या पट्ट्यांवर बसते आणि कालांतराने त्या हिरव्या पडतात. आमच्या कॅसेटीच्या साठ पट्ट्यांपैकी निम्म्या हिरव्या होत्या. दादाचे दमदार फुप्फुस. शाळेचं साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, मग कापूस आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवून पुसलं. (हातावरचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात चिकट काहीतरी असतं. हे मी कसं शिकले ते सांगत नाही.) कापूस काळा-हिरवा झाला आणि कॅसेट पहिल्या झटक्यात लागली.

मग मारिओ. पहिला रिमोट माझ्या हातात.

सोळाव्या पावलाला खड्ड्यात.

पुन्हा. खड्ड्यात. पाइपवर उडी मारायला जावं तर पाइपला धडकावं. लेक विनम्रपणे गप्प बसली होती, ते जास्त लागत होतं. मी मनाशी म्हटलं, अडतीस-एकोणचाळीस हे काही वय नाही, पण अंगठे गेले. ठसठशीत दुःख झालं. आठवड्याभरात मी त्या डब्याला हात लावला नाही.

मग एके रात्री सहज लक्षात आलं. टीव्हीचा आवाज बंद करून, डोळे मिटून नुसतं बटण दाबलं की बोटाला खट्ट कळतं, आणि डोळे उघडून दाबलं की मारिओ त्या खट्टच्या नंतर उडतो. जरासाच नंतर. माझा अंगठा वेळेवर होता, टीव्ही उशिरा येत होता.

कारण साधं आहे. जुना टीव्ही आलेलं चित्र येईल तसं काचेवर मारायचा. नवा टीव्ही आधी ते साठवतो, २४० रेषांचं चित्र ताणून मोठ्या पडद्याएवढं करतो, कडा गुळगुळीत करतो, रंग खुलवतो, मग दाखवतो. यात चार-पाच चित्रं मागे पडणं सहज होतं. एक चित्र म्हणजे वीस मिलीसेकंद. पळत असताना मारिओ एका चित्रात अडीच ठिपके पुढे सरकतो, विटेची रुंदी सोळा ठिपके. हा हिशेब मी लेकीपुढे मांडला, तिने कागदावर केला आणि म्हणाली, “पाच चित्रं म्हणजे साडेबारा ठिपके. तू जिथे उडी मारतेस त्याच्या पाऊण वीट पुढे तो उडतो.” पाऊण वीट. खड्ड्याची कड तेवढीच असते.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो. तो लावला की टीव्ही बरंचसं नटणंथटणं सोडून देतो. चित्र थोडं ओबडधोबड दिसतं, पण उशीर कमी होतो. त्याच मेनूत चित्राची चौकट ४:३ केली, नाहीतर रुंद पडद्यावर मारिओ लग्नातल्या केटररसारखा दिसत होता. त्या रात्री मी पहिला किल्ला पार केला. कुणालाही उठवलं नाही, आवाज बंदच होता.

आता पिस्तूल उरलं, आणि ते आईचं होतं.

हे सांगायला हवं. माझ्या आईने आयुष्यात व्हिडिओ गेम म्हणून एकच खेळ खेळला, बदकांचा. दुपारी आम्ही शाळेत असताना ती एकटी खेळायची असा आमचा दाट संशय होता. एकदा दप्तर विसरून परत आले तर टीव्ही गरम होता आणि आई पोथी वाचत होती. आता तिला म्हटलं, “आई, बदकं लावू?” तर म्हणाली, “लाव की. मला काय,” आणि चष्मा पुसायला लागली.

पिस्तूल दुसऱ्या रिमोटच्या जागी लागतं. दुसरा रिमोट काढला, पिस्तूल लावलं, बदक उडालं, आईने नेम धरला, खटका ओढला. काही नाही. परत. काही नाही. गवतातून कुत्रा वर आला आणि आईला हसला. आई जवळ गेली, अगदी काचेला पिस्तूल टेकवून मारलं. कुत्रा परत हसला. “मेल्या,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यामागचं तंत्र वाचलं आणि मी चाटच पडले. मला कायम वाटायचं की पिस्तुलातून काहीतरी निघून टीव्हीला लागतं. निघत काहीच नाही. पिस्तूल म्हणजे एक डोळा. खटका ओढला की पूर्ण पडदा क्षणभर काळा होतो, पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि पिस्तूल बघतं की आधी काळोख, मग उजेड असं दिसलं का. दिसलं तर नेम लागला. ट्यूबलाइटवर नेम धरून फसवायचा प्रयत्न दादाने केला होता, तो का फसला तेही यात आलं. आधी काळोख दिसायला हवा, तो ट्यूबलाइटमध्ये कुठला? आता नव्या टीव्हीचा तो पांढरा चौकोन उशिरा येतो. पिस्तुलाने बघितलं तेव्हा तो अजून यायचाच असतो. शिवाय पिस्तुलाच्या डोळ्याला जुन्या काचेच्या टीव्हीवरची विशिष्ट थरथर ओळखायची सवय, सेकंदाला पंधरा हजारांच्या वर रेषा मारणाऱ्या किरणाची. नवा पडदा तसा थरथरतच नाही. गेम मोडचं इथे काही चालत नाही. जुना काचेचा, डबा टीव्हीच हवा.

डबा टीव्ही शोधणं हे प्रकरण लांबवत नाही. जुन्या बाजारात दोन रविवार गेले, एक टीव्ही चालू असल्याची शपथ घेऊन विकायला काढला होता आणि त्याला पाठच नव्हती. शेवटी आमच्याच सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूममध्ये, टेबलक्लॉथखाली फुलदाणीचं स्टूल म्हणून एक चौदा इंची उभा होता. काकू म्हणाल्या, “घेऊन जा गं, मला स्टूल आणून दे.” स्टूल आणून दिलं. टीव्ही उचलताना समजलं की चौदा इंचाचं वजन समोरच्या काचेत असतं, म्हणून काच छातीशी धरून उचलायचा. आणि कितीही धूळ दिसली तरी त्याचं मागचं झाकण उघडायचं नाही. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात.

त्याला एव्हीची भोकं नव्हती. फक्त अँटेना. म्हणजे परत ती काळी वायर आणि परत चॅनेल शोधणं. टीव्हीच्या कपाळाखालचं झाकण उघडलं तर आत आठ बारीक चाकं आणि प्रत्येकाशेजारी चॅनेलचा पट्टा निवडायची सरकती कळ, बी-एल, बी-एच, यू. ही चाकं मी आयुष्यात कधी फिरवली नव्हती. सुरू करताच टीव्हीने ठम्म केलं, हाताचे केस काचेकडे उभे राहिले, लेक किंचाळून मागे सरली आणि मग पडद्यावर मुंग्याच मुंग्या.

मी गुडघ्यांवर बसून चाक फिरवायला लागले. बसल्या जागेवरून मला पडदा दिसत नव्हता. मागून आई बोलली, कुणी न सांगता.

“काही नाही... काही नाही... आलं. आलं आलं. गेलं! मागे घे. मागे. आलं.”

त्या दिवशी आईने सतरा बदकं पाडली.

आणि त्याच दिवशी मला ते कळलं. आई खेळत होती, मी शेजारी बसले होते, पहिला रिमोट माझ्या मांडीवर, कारण सुरू करायला तोच लागतो. अंगठा चाळा म्हणून बाणांच्या बटणावर फिरत होता. बदक वर चाललं होतं ते एकदम डावीकडे वळलं. मी उजवं दाबलं. बदक उजवीकडे. मी डोळे चोळले. एकच बदक उडवायचा जो पहिला प्रकार आहे, त्यात पहिल्या रिमोटच्या बाणांनी बदक चालवता येतं. ही त्या खेळातली अधिकृत सोय आहे, पुस्तिकेत दिलेली. आमच्या डब्याबरोबर पुस्तिका आली नव्हती. निदान मला दाखवली गेली नव्हती.

मला १९९६ चा हिवाळा आठवला. मी पिस्तूल धरून उभी, माझा रिमोट काढलेला, आणि मागे खाटेवर दादा पहिला रिमोट पोटावर ठेवून लोळत पडलेला. “तुझा नेमच नाही गं,” म्हणणारा. मी घेतलेला प्रत्येक नेम, आणि ऐन वेळी वळणारं प्रत्येक बदक.

मी फोन केला नाही.

भाऊबीजेला दादा नाशिकहून आला. ओवाळणं झालं, फराळ झाला, आणि चौदा इंची टीव्ही बघून तो लहान मुलासारखा खाली बसला. चाकाचं झाकण उघडून त्याने माझं ट्यूनिंग तपासलं, काही बोलला नाही, म्हणजे ठीक असावं. “बदकं?” मी विचारलं. त्याने पिस्तूल उचललं, एक डोळा मिटला. मी खाटेवर त्याच्या मागे बसले, उशी मांडीवर घेतली आणि उशीखाली रिमोट.

पहिलं बदक सुटलं. दुसरं. तिसरं. कुत्रा वर आला, हसला, खाली गेला, परत आला. लेक तोंडात बेसनाचा लाडू कोंबून माझ्याकडे बघत होती. आई बघतच नव्हती, म्हणजे तिला सगळं कळलं होतं.

“टीव्हीमुळे होतंय का गं?” दादा पिस्तुलाच्या नळीत बघत म्हणाला.

“बहुतेक,” मी म्हटलं.